दैव पाचवे

डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया नीट पार पडते आणि दोन-चार दिवसांत डोळा ठणकू लागतो, लालभडक होतो, नजर अंधारते. आत तळाशी पुवाचा पांढरा थर दिसतो. हा एंडोफ्थॅल्मायटिस, डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग. हजारात एकालाही क्वचितच होतो, पण ज्याला होतो त्याची दृष्टी जाऊ शकते. मग घरात कोणीतरी म्हणतेच, ‘भोग आहेत, दुसरे काय!’ या बोलण्याला माझी हरकत आहे आणि ती धर्म बाजूला सारून घेतलेली नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना क्रिया आणि पाचवे दैव. दैव तिथे आहे, पण शेवटी. आधीच्या चारांचा हिशेब दिल्याशिवाय त्याचे नाव घेणे मला आळशीपणाचे वाटते. इथे अधिष्ठान म्हणजे शरीर. जंतू बहुधा रुग्णाच्याच पापणीवरचे, तिथे निरुपद्रवी असलेले. म्हणून शस्त्र लावण्यापूर्वी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन घालतात. साधनांचे तर उदाहरणच आहे. टाके न लागणारी बारीक, २५ गेजची उपकरणे आली, तेव्हा २००७च्या एका अमेरिकी अभ्यासात त्यांच्यामागून होणारा संसर्ग जुन्या पद्धतीच्या सुमारे बारा पट आढळला. पुढे छेद तिरका घेऊ लागले, गळणाऱ्या छेदाला टाका घालू लागले आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत हा फरक फारसा उरला नाही. त्या काळात डोळा गमावलेल्यांना भोग म्हणून गप्प बसवले असते, तर छेदाकडे कोणी पाहिलेच नसते.

यावर कोणी म्हणेल, मग प्रत्येक वेळी डॉक्टरच दोषी का? नाही. सगळी काळजी घेऊनही काही डोळ्यांत संसर्ग होतोच. तिथे दैव म्हणावे, पण तो कुणाच्या गतजन्मावरचा निवाडा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: प्रारब्ध मानल्याने दुःख सोसता येते, तो आधार का काढून घ्यावा? दृष्टी गेल्यावर कोणी त्या आधाराने उभा राहत असेल, तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. पण संसर्ग सुरू होतो तेव्हा उपाय हातात असतो. डोळ्याच्या आतल्या पारदर्शक गरात रक्तवाहिन्या नसतात, पोटातून घेतलेले औषध तिथे पुरेसे पोचत नाही; प्रतिजैविक सुईने थेट डोळ्यातच द्यावे लागते, तेही तासांच्या हिशेबाने. रात्री ठणका लागलेल्या माणसाला भोग सांगून सकाळपर्यंत थांबवणे म्हणजे चौथे कारण हातात असताना ते टाकून देणे.