न चढण्यातली उपासना

दत्तभक्तहो, गिरनारच्या दहा हजार पायऱ्या आपल्यापैकी कित्येकांनी चढल्या असतील. तिथे गुरुपादुकांपर्यंत चढून जाणं हीच सेवा. मग जिथली माणसं आपल्या पवित्र डोंगराविषयी ‘कृपा करून चढू नका’ म्हणतात, तिथे भाविकाने काय करावं?

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, तांबड्या वाळवंटात उलुरू नावाचा एकसंध खडक उभा आहे. उंची ३४८ मीटर, घेर सुमारे साडेनऊ किलोमीटर. तिथल्या अनंगू आदिवासींना तो नुसता दगड वाटत नाही. त्याच्या भेगांत, गुहांत, पाणवठ्यांत त्यांच्या आद्य पूर्वजांच्या खुणा आहेत आणि माणसाने कसं वागावं याचा नियमही आहे. १९८५ साली सरकारने ही जमीन अनंगूंना परत दिली आणि लगेच ९९ वर्षांच्या भाडेकराराने राष्ट्रीय उद्यानासाठी घेतली. चढाई मात्र चालूच राहिली. अनंगू विनंती करत होते, लोक साखळी धरून वर जात होते. बंदी आली ती २६ ऑक्टोबर २०१९ रोजी.

खरी परीक्षा बंदीच्या आधीच्या काळात होती. बंदी पाळायला पहारेकरी पुरतो, विनंती पाळायला मन लागतं.

कुणी म्हणेल, ‘अहो, डोंगर देवाचा, देव सगळ्यांचा. माझा भाव शुद्ध आहे, मग अडवणारे हे कोण?’ प्रश्न रास्त आहे. पण भाव आपला असला तरी घर त्यांचं आहे. ती वाट त्यांच्या पूर्वजांची म्हणून ते स्वतःही सहसा चढत नाहीत. शिवाय त्या चढाईत पस्तीसहून अधिक माणसं दगावली. आपल्या दारी आलेला पाहुणा गेला की यजमानाला जे दुःख होतं, ते अनंगूंनी दरवेळी सोसलं. त्यांच्या ‘नको’मध्ये आपली काळजीही होती.

आपल्याला हे परकं वाटायला नको. कैलासाला आपण परिक्रमा करतो, माथ्यावर पाय ठेवत नाही. गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी थांबलेला भक्त देवापासून लांब राहिला, असं कुणी म्हणतं का? उलुरूभोवतीही पायवाट आहे, सगळा खडक चालत फिरता येतो. काही जागी फोटो काढू नये असं सांगितलेलं असतं. तिथे मोबाइल खिशात ठेवायचा, एवढंच.

अवधूताने चोवीस गुरू केले, त्यात पहिली पृथ्वी. तिच्याकडून तो सहनशीलता शिकला. ज्याला शिकायचं आहे, तो पायथ्याशी उभा राहूनही शिकतो. ज्याला फक्त जिंकायचं आहे, तो माथ्यावर जाऊनही रिकामाच उतरतो.

।। अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ।।