‘नाही’वर खूण करू नकोस

गांजा ओढलास यावर बोलायला मी बसलेलो नाही. ते झालं, गेलं. अमेरिकी सरकारच्या सिक्युरिटी क्लिअरन्ससाठीच्या एसएफ-८६ फॉर्मचं तेविसावं कलम गेल्या ७ वर्षांतल्या नशेचं विचारतंय आणि तू सरळ ‘नाही’वर खूण करायला निघालास, त्यावर बोलायचंय.

“कोणाला कळणार?” म्हणे. तुझ्या रूममेटला माहीत आहेच ना? सिक्युरिटी क्लिअरन्सची चौकशी करणारा माणूस त्याच्याच दारात उभा राहील. मग?

“पकडतील.” कलमाच्या वरचा मजकूर वाचलास? इथं खरं सांगितलंस, तर ते उत्तर फौजदारी खटल्यात तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरत नाहीत. एवढा हुशार तू, चार ओळी वाचायचा कंटाळा? जाणूनबुजून खोटं लिहिणं मात्र गुन्हा आहे. ५ वर्षांपर्यंत कैद. आगीतून फुफाट्यात उडी मारायची हौस आहे का?

“आईबाबांना कळेल.” फॉर्म त्यांच्याकडे जातो का? उगाच त्यांना मध्ये घालू नकोस.

“न्यू जर्सीत दुकानात राजरोस मिळतो.” मिळू दे. क्लिअरन्स न्यू जर्सी देते की केंद्र सरकार? केंद्राच्या कायद्यात त्याला मुभा नाही. आणि परीक्षेच्या रात्री मित्राला लिहून दिलेली अ‍ॅडरॉलची गोळी गिळलीस, तेही तिथं विचारलंय. औषध होतं म्हणून सुटशील?

डिसेंबर २०२१मध्ये राष्ट्रीय गुप्तचर संचालक अ‍ॅव्हरिल हेन्स यांनी सगळ्या यंत्रणांना लेखी कळवलं: पूर्वी गांजा ओढला, एवढ्यावरून निर्णय करू नका. किती वेळा, किती वर्षांपूर्वी, पुन्हा ओढण्याची शक्यता किती, हे पाहा. म्हणजे तुझ्यासारख्याला वाट आहे. खोटं लिहिलंस की प्रश्न गांजाचा राहत नाही, तुझ्या शब्दाचा होतो. ज्याच्या शब्दावर भरवसा नाही, त्याच्या हाती देशाची गुपितं कोण देईल? तूच सांग.

आणि फॉर्म भरायच्या तोंडावर “एक शेवटची पार्टी” म्हणतोस? सध्या ओढणाऱ्याला क्लिअरन्स द्यायचीच नाही, असा २००८चा कायदा आहे. अक्कल कुठे गहाण ठेवलीस?

आज रात्री बस. कधी, काय, किती वेळा, सगळं आठवून कागदावर उतरव. यापुढे शिवणार नाही, शिवलो तर क्लिअरन्स काढून घ्या, असं सहीनिशी लिहून द्यायची सोय नियमांतच आहे. तोही मसुदा कर. गांजा ओढणाऱ्या त्या टोळक्यात जाणं बंद. उद्या सकाळी दोन्ही कागद घेऊन ये. रिकाम्या हातानं आलास तर दार उघडणार नाही.