कमी भावाचं लुगडं

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की वलगाव लागतं. इथेच, पेढी नदीजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. ठिगळांचं वस्त्र, खराटा आणि गाडगं एवढाच त्यांचा संसार. कीर्तनात ते सांगत की बायकोला कमी भावाचं लुगडं घ्या, पण पोरांना शाळेत घाला. त्याच बाबांचं नाव घेऊन मी म्हणतो की कपडे थोडेच घ्यावेत आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजावेत. वरवर पाहता हे बाबांच्या शिकवणीच्या उलट आहे. मला ते तसं वाटत नाही.

बाबांच्या काळातलं कमी भावाचं लुगडंही सुतीच असे. एक अंगावर, एक वाळत. विरलं की दंड घालायचा, फाटलं की गोधडीत जायचं, शेवटी पोतेरं व्हायचं. एकदा घेतलं की वर्षभर कापडाच्या दुकानाची पायरी चढावी लागत नसे आणि वाचलेला पैसा खरोखर वाचत असे. आज भाव कमी झाला, पण खरेदीची संख्या वाढली. दोन धुण्यांत रंग सोडणारा, तिसऱ्यात उसवणारा शर्ट वर्षातून चारदा घेतला, तर शाळेच्या फीसाठी उरलं काय? कपड्याने घर खाऊ नये, हा बाबांचा मुद्दा होता. तो आजही तसाच लागू आहे.

आपण तर कापूस पिकवणारी माणसं. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. सरकी काढली की किलोभर कापसातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते, आणि तेवढ्यात जेमतेम एक शर्ट होतो. म्हणजे पाऊणशे रुपये कापसाचेच झाले. त्यावर कताई, विणाई, रंगाई, शिलाई, वाहतूक, व्यापाऱ्याचा नफा. एवढं सगळं होऊन शर्ट दोनशेला मिळत असेल, तर एक तर त्यात नुसता पॉलिस्टर आहे, नाही तर वाटेत कुणाची तरी मजुरी मारली गेली आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने तरी हा हिशेब नजरेआड करू नये.

महाग ते चांगलं, असंही नाही. छापील नावाचे पैसे वेगळे आणि कापडाचे वेगळे. शर्ट उलटा करून पाहावा. टाके बारीक आणि एकसारखे आहेत का, शिवणीत माया सोडली आहे का, उजेडात धरल्यावर वीण विरळ दिसते का. गावातला शिंपी हे हात लावताच सांगतो. चांगलं सुती कापड घेऊन त्याच्याकडून शिवलं, तर ते पुढे उसवून वाढवताही येतं.

ज्याच्या हाती आठवड्याची मजुरी पडते, त्याला एकदम हजार रुपये काढणं जमत नाही, हे खरं आहे. त्याला उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण आपल्याकडची बरीचशी स्वस्त खरेदी गरिबीतून होत नाही, आहेरातून होते. लग्नसराईत घाऊक भावाने साड्यांचे गठ्ठे येतात, शर्टपीस-पँटपीस येतात. त्या साड्या कुणी नेसत नाही. या लग्नातून त्या लग्नात त्या फिरत राहतात, आणि त्यांची धड गोधडीही होत नाही, कारण त्या कापडाला ना ऊब, ना ते पाणी शोषत. यजमान मात्र त्यापायी कर्ज काढतो.

सुरुवात इथून करता येईल. आहेर बंद करावा, किंवा करायचाच तर जवळच्या मोजक्या माणसांना नेसता येईल असं एकेक चांगलं वस्त्र द्यावं. मान दिल्याघेतल्याच्या संख्येवर ठरतो, ही समजूत आधी मोडली पाहिजे. ती मोडली की घरातलं कपाट आपोआप हलकं होईल, आणि उरलेला पैसा बाबांनी सांगितलेल्या ठिकाणी, पोरांच्या शाळेत लावता येईल.