अडीच दिवसांचा वानप्रस्थ

आपल्याकडे पुरुषाने रानात जाण्याची सोय फार जुनी आहे. घरात चूल आहे, पोरंबाळं आहेत, म्हातारी आई आहे, हे सगळं जागच्या जागी ठेवून एखादा उठला आणि अरण्यात गेला, तर दोनतीन पिढ्यांत त्याचा ऋषी होतो. बायकांचं मात्र तसं नाही. सीतेला रानात पाठवलं, दमयंतीला रानात टाकलं आणि शकुंतलेला तर जन्मतःच तिथं ठेवून दिलं. म्हणजे बाईच्या नशिबी रान नव्हतं असं कोणी म्हणू नये. भरपूर होतं. फक्त तिकीट दुसऱ्याने काढलेलं होतं.

मनुस्मृतीत वानप्रस्थाचे नियम आहेत. पुरुषाने बायकोला मुलांच्या स्वाधीन करून जावं, नाहीतर बरोबर घेऊन जावं, असे दोन पर्याय तिथं दिलेत. बायकोच नवऱ्याला सुनेच्या स्वाधीन करून निघाली तर काय, याचा श्लोक माझ्या तरी पाहण्यात नाही. आणि ते याज्ञवल्क्य! घर सोडताना त्यांनी मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन्ही बायकांत रीतसर वाटणी करायची म्हटलं. मैत्रेयीने अमृतत्वाविषयी असा प्रश्न विचारला की त्यातून बृहदारण्यक उपनिषदातला सुप्रसिद्ध संवाद झाला. कात्यायनी काही बोलल्याचं लिहिलेलं नाही. तिला बायकांना असते तेवढीच बुद्धी होती, अशा अर्थाचा एक शेरा मात्र आहे. माझा जीव नेहमी या कात्यायनीकडे ओढ घेतो. एवढा गहन संवाद चालला असताना दूध उतू जाऊ नये म्हणून कोणीतरी आत उभं असणारच की!

तर अशा या परंपरेत आम्ही नऊजणींनी ठरवलं की आपणही अडीच दिवस रानात जायचं. आम्ही नऊजणी म्हणजे नगरातलं एक साधं भिशी मंडळ. वयं पंचेचाळीस ते एकाहत्तर, गुडघे अठरा, त्यांतले धड सात. ठिकाण ठरलं अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पाण्याकाठची एक वाडी. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या आमच्या बाईंनी नियम घालून दिला: दर्शन नाही, खरेदी नाही, अंताक्षरी नाही. नुसतं जाऊन राहायचं.

या ‘नुसतं’ शब्दाने जो घोटाळा केला तो सांगते. आमच्या जिल्ह्यात देवाला काही कमी नाही. शिर्डी आहे, शनिशिंगणापूर आहे, अष्टविनायकांतलं सिद्धटेक आहे, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासं आहे. यांपैकी कुठलंही नाव घेतलं असतं तर घरचे म्हणाले असते, ‘जा हो, आमचाही नमस्कार सांगा.’ पण ‘रानात’ म्हटल्यावर प्रत्येक घरातून एकच सवाल आला: ‘कशाला?’

आता तुम्हीच पाहा. बाई घर सोडून कधी जातच नाही असं थोडंच आहे? मुलीच्या बाळंतपणाला ती तीन महिने जाते. भावजय आजारी पडली की पंधरा दिवस जाते. लग्नाला आठ दिवस आधी जाऊन लाडू वळते. म्हणजे आक्षेप तिच्या जाण्याला नाही, बिनकामाच्या जाण्याला आहे. पुरुष दोन तास पानाच्या ठेल्यावर उभा राहिला तरी त्याला कोणी ‘कशाला?’ म्हणत नाही. उभं राहणं हेच त्याचं काम असतं. बाईला मात्र प्रत्येक तासाचा हिशेब कोणाच्या तरी नावावर मांडावा लागतो. स्वतःच्या नावाचं खातंच उघडलेलं नसतं, आणि गंमत म्हणजे तिलाही ते आठवत नाही. आमच्यातल्या एका वहिनींनी तर सासऱ्यांना सांगून टाकलं, ‘डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय.’ बिचाऱ्यांनी लगेच होकार दिला. आजारी बाईला रान चालतं.

मग निघण्याची तयारी. मंत्रिमहोदय परदेशी जाताना खात्यांची जबाबदारी वाटून देतात तशी आम्ही दिली. फ्रिजवर चिठ्ठ्या लावल्या, डब्यांवर नावं चिकटवली. एका मावशींनी बेचाळीस दशम्या करून ठेवल्या. अडीच दिवस, घरात माणसं तीन. म्हणजे माणशी चौदा! ‘अहो, नेहमी तरी एवढ्या लागतात का?’ म्हटलं, तर म्हणाल्या, ‘नाही, पण मी नसताना जास्त भूक लागेल ना!’

वाडीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. समोर भंडारदऱ्याचा जलाशय. रतनगडावर उगम पावणाऱ्या प्रवरेला इथं विल्सन धरणाने अडवलंय. धरण १९२६ साली पुरं झालं, त्याला शंभर वर्षं होत आली तरी पाणी अजून नव्या साडीसारखं कोरं दिसत होतं. पलीकडे कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यांत उंच. बाईंनी लगेच एक तासाचं मौन जाहीर केलं. फोनांना रेंज नव्हती, त्यामुळे मौन पाळणं सोपं गेलं. दहाव्या मिनिटाला शेजारून कुजबुज आली, ‘गॅसचं बटण खालून बंद केलं होतं ना गं?’ विसाव्या मिनिटाला दुसरी, ‘मोलकरणीची किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे!’ तास संपला तेव्हा आम्ही सगळ्या ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या स्वयंपाकघरात होतो. एक कांदा चिरत होती, दुसरी भाकरीचं पीठ चाळत होती. घरची बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘ताई, तुमी इथं ऱ्हायला आल्या का कामाला आल्या?’

प्रश्न साधाच, पण आमच्या आख्ख्या सहलीचं तत्त्वज्ञान त्यात आलं.

रात्री अंगणात शेकोटीभोवती कळसूबाईची गोष्ट निघाली. ही कथा इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरातसुद्धा नोंदलेली आहे. कळसू नावाची कोळ्याची पोर, रानात हिंडायची आवड. डोंगराच्या पायथ्याच्या गावात एका घरी ती कामाला राहिली ती अट घालून: भांडी घासणार नाही आणि केरकचरा काढणार नाही. काही दिवस बरे गेले. मग एकदा घरातल्या कोणीतरी तिला नेमकी तीच कामं सांगितली. तिने ती केली, आणि केल्यावर थेट डोंगर चढून गेली. पुढचं सगळं आयुष्य ती शिखरावरच राहिली. जिथं तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

बाई म्हणाल्या, ‘इथं मुद्दा भांड्यांचा नाही, शब्दाचा आहे. ठरलेली अट मोडली.’ त्यावर बेचाळीस दशम्यांच्या मावशी हळूच म्हणाल्या, ‘पण बघा हं, गेली ती भांडी घासूनच गेली.’

आम्ही सगळ्या गप्प झालो. मौनाच्या तासात न जमलेलं मौन आत्ता आपोआप जमलं. खरकटी भांडी तशीच टाकून ती जाऊ शकत होती. तिला कोण अडवणार होतं? पण महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागी जाऊन बसलेल्या बाईनेसुद्धा आधी ओटा आवरला! शिखर गाठायला एकच वाट, आणि ती मोरीवरून जाते.

त्या शांततेत मागून आवाज येत होता. आमची नऊ ताटं, अठरा वाट्या आणि पिठल्याचं पातेलं घरची बाई राखेने घासत होती.

आता या प्रश्नाकडे कसं बघायचं? आम्ही पैसे मोजले होते, तिचा तो धंदा होता, भीक नव्हती. त्या पैशांची तिला गरज होती आणि ते ती मानाने घेत होती. इथवर हिशेब चोख. पण कोणीही रानात शांत बसलं की कुठंतरी कोणीतरी ताटं घासत असतंच, हेही तितकंच चोख. ऋषींच्या बाबतीत ती कात्यायनी होती. आमच्या बाबतीत ही होती. बाईंनी तिला विचारलं, ‘तू जातेस का गं कधी कुठं?’

‘जाते की. नवरात्रात. कळसूबाईला, वर.’

‘तिथं काय करतेस?’

‘काय करायचं? दर्शन घ्यायचं, बसायचं. लांबवर बघायचं.’

‘आणि मग भांडी?’

ती हसली. ‘ऱ्हात्यात घरी. भांडी कुठं जात्यात, ताई?’

दुसऱ्या दिवसापासून आम्ही आपापलं ताट घासायचं ठरवलं. त्यावर तिने आपली अट घातली: ताटं खुशाल घासा, पण माझ्या चुलीशी यायचं नाही. मीठ कमीजास्त होतं. आम्ही अट मान्य केली आणि अखेरपर्यंत पाळली. त्या परिसरात अट मोडल्याचा इतिहास काही चांगला नाही.

पुढचा दीड दिवस आम्ही खरोखर बसलो. काय मिळालं म्हणाल, तर सांगता येण्यासारखं काहीच नाही. पाण्यावरचा रंग चारदा बदलला तो पाहिला. एका वहिनींना शाळेतली मैत्रीण आठवली, तीस वर्षांनी. मावशी दुपारी झाडाखाली दोन तास झोपल्या आणि उठून म्हणाल्या, ‘कोणी हाक मारली नाही!’ हे त्या आनंदाने म्हणाल्या की घाबरून, ते त्यांनाही कळलं नाही. मला वाटतं, दोन्ही असावं. ज्या माणसाला सगळे सारखी हाक मारतात, त्याला हाक थांबली की आपण आहोत की नाही अशीच शंका येते. ती शंका अंगावर घेऊन थोडा वेळ बसून राहणं, यालाच बहुधा तपश्चर्या म्हणत असावेत.

आणि स्वार्थाचं काय? तो प्रश्न राहतोच. माझ्यापुरतं उत्तर असं आहे. दाराला बाहेरून कडी असेल, तर आतल्या माणसाच्या राहण्याला प्रेम म्हणायचं की नाईलाज, हे कोणी सांगू शकत नाही. त्याचं त्यालाही नाही. कधीतरी बिनकामाचं बाहेर जाता आलं, तरच परत येण्याला काही अर्थ. फक्त जाणाऱ्याने एवढं विचारावं की मागे ताटं कोण घासतंय, आणि तिची पाळी कधी.

याज्ञवल्क्यांनी हे विचारलं असतं तर बरं झालं असतं. मला आपलं वाटतं, ते गेल्यावर मैत्रेयी ब्रह्मविचारात गढली असेल, आणि कात्यायनी भांडी पालथी घालून, पदराला हात पुसून, पायरीवर येऊन बसली असेल. समोर झाडं, वर चांदणं, कोणाची हाक नाही. तेव्हा तिला काय कळलं, ते कुठल्या उपनिषदात आलेलं नाही. लिहून घेणारे सगळे रानात गेले होते.