चिखल कुणाचा?

भिवंडीत चाक फिरतं ते पोटासाठी. माणकोली नाक्यावर कंटेनरची रांग, अंजूरफाट्याकडून तागे भरून येणारे टेम्पो, गल्लीबोळांतून वाट मागत हातगाडी ओढणारे हमाल. पाऊस धरला की माझी थार या सगळ्यांतून वाट काढत वज्रेश्वरीच्या बाजूला निघते, आणि तिला कुठेच पोचायचं नसतं. या सुखाचा मला एकदा स्वतःशीच खरा हिशेब मांडायचा आहे.

सुख खरं आहे. मुरूम संपून चिकणमाती लागली की थांबायचं, क्लच दाबायचा आणि धाकटा दांडा ‘फोर लो’वर आणायचा. वेग सुमारे अडीच पटींनी घटतो आणि चाकांवरचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. गाडी माणसाच्या चालीने सरकू लागते. एखादं मागचं चाक खड्ड्यावर अधांतरी राहिलं, तर साध्या गाडीची ताकद त्या मोकळ्या चाकातूनच निसटून जाते, ते गरगरत राहतं. इथे मागचा डिफरन्शियल लॉक होतो, जमिनीवरचं चाक माती पकडतं आणि गाडी स्वतःला उचलून बाहेर येते. तेव्हा मी मोठ्याने हसतो. शेजारी कुणी नसलं तरी हसतो.

ही मिजास आहे का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. नाशिक महामार्गावर वेगात जाताना मला असं हसू येत नाही. कुणी पाहणार नसेल, फोटो निघणार नसेल, तरीही मी चिखलात जाईन, याची मला खात्री आहे. नाक्यावर माना वळतात तेव्हा छाती फुगते. तेवढी मिजास माझ्यात आहे, ती नाकारत नाही. पण मूळ आनंद लहान पोराचा आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

जीप जन्मली दुसऱ्या महायुद्धासाठी. महायुद्धानंतर महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू केली. पुढे वनखातं, पोलीस, पाटबंधारे यांनी ती वापरली. काम आडवाटेला होतं म्हणून ती आडवाटेला गेली. त्याच घराण्यातली थार आली 2010 मध्ये, नवी थार 2020 मध्ये, आणि ती आमच्याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकला बनते. माझ्या हाती ती आली तेव्हा काम उरलं नव्हतं, खेळ उरला होता. खेळायला माझी हरकत नाही. मला छळतो तो त्याच्या खर्चाचा प्रश्न, आणि मी डिझेलचा खर्च म्हणत नाही.

पहिल्या मोठ्या पावसात वलगण चढते. अंडी घालायला मासे ओहोळातून उलट्या प्रवाहाने खाचरांकडे येतात, वीतभर पाण्यातूनही. नेमक्या त्याच दिवसांत ओहोळात गाडी घालावीशी वाटते. दीड टनाहून जड गाडीखाली काय येतं ते आतून दिसत नाही. खाचराच्या बांधावरून चाक गेलं की कड ढासळते, तिथून पाणी निघून जातं आणि रोपं कोरडी पडतात. चाकोरीतली माती दाबून घट्ट होते. गाडीला यातलं काहीच जाणवत नाही. तिची सगळी रचनाच असं काही जाणवू नये म्हणून केलेली आहे.

याहून अवघड गोष्ट घरातली आहे. काल्हेर-राहनाळच्या पट्ट्यात आमची खाचरं होती. आज तिथे गोदाम आहे आणि त्याच्या भाड्यातून ही गाडी आली. आजी त्या चिखलात लावणी करायची, संध्याकाळी तिला पाठ सरळ करता यायची नाही. तो चिखल काँक्रीटखाली गेला, म्हणून मी दुसऱ्याच्या चिखलात खेळायला जातो. पहिल्यांदा हे मनात आलं तेव्हा मी इंजिन बंद करून बराच वेळ बसून राहिलो.

आता वलगणीच्या दिवसांत मी ओहोळात उतरत नाही. लावणी झालेल्या शिवारात शिरत नाही. पड जमीन शोधतो आणि मालकाला विचारतो. तो लगेच म्हणतो, ‘जा की शेठ, त्यात काय इचारायचं!’ या होकारावर मी किती विसंबावं? ज्याच्या तोंडी ‘शेठ’ आलं, त्याला ‘नको’ म्हणणं जड जात असणार. म्हणून हल्ली गाडी रस्त्यावरच ठेवून त्याच्याकडे चालत जातो आणि मगच विचारतो. तरी तो शेठच म्हणतो.