आपला तो बाब्या

वुंट नावाच्या जर्मन प्राध्यापकानं 1879 साली लायपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा थाटली. पुढे या शास्त्रात भाऊबंदकी माजली. व्हिएन्नाचे फ्रॉइडसाहेब म्हणाले, माणूस असा का वागतो ते त्याच्या नेणिवेत आणि बालपणात शोधा. 1913 साली अमेरिकेत वॉटसननं बजावलं, मन कुणी पाहिलंय? वागण्याचं बोला! परिस्थिती वळण लावते, तसा माणूस घडतो. स्किनर म्हणाला, ज्या वागण्याचं फळ मिळतं, ते टिकतं. रॉजर्सचा सूर निराळा : माणसाला अटी न घालता आपलं म्हणा, म्हणजे तो फुलेल.

मला यातला एकही पंथ खोटा वाटत नाही. खटकतं ते आपण त्यांचं केलेलं वाटप. स्वतः खेकसलो की फ्रॉइड : ‘लहानपणी फार सोसलंय हो!’ आपला बाब्या नापास झाला की रॉजर्स : ‘समजून घ्या त्याला.’ शेजाऱ्याचं कार्टं नापास झालं की वॉटसन : ‘वळणच नाही, दुसरं काय!’ आणि मोलकरणीनं दांडी मारली की थेट स्किनर : ‘कापा पगार!’ शिक्षेपेक्षा बक्षिसानं काम होतं, असं तो बिचारा जन्मभर सांगत होता, ते सोयीस्कर विसरून.

कारण कळलं म्हणजे गुन्हा माफ झाला, असं नव्हे. पण माफी वाटायचीच, तर माप एक हवं. शेजारच्या कार्ट्यालाही कधी रॉजर्स लाभावा. आणि आपल्या वाट्याला, अधूनमधून, वॉटसन.