अटन आणि मार्गाचा मोह

ज्या भिक्षुकाने चाळीस-पन्नास वर्षे पायी अटन केले, त्याचे पाय वार्धक्याने थकले, तर त्याचा आचारधर्म भंगला असे मानावे काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी अटन कशासाठी सांगितले, हे पाहणे अवश्य आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी एकाकी किती फिरले, हे लीळाचरित्राच्या ‘एकांक’ भागावरून कळते. त्यांच्या चरणस्पर्शाने संबंधित झालेली स्थाने स्थानपोथीत नोंदली गेली. साधक त्या स्थानांना दंडवत घालतो तो त्या संबंधाच्या स्मरणासाठी. हे अटनाचे एक प्रयोजन. दुसरे प्रयोजन असंगाचे. घर, गाव आणि आप्त यांच्या ठायी जडलेले चित्त सुटावे, म्हणून साधकाने एका ठिकाणी मूळ धरू नये.

आता परभणी-जिंतूर मार्गावरील झरी या गावाचे उदाहरण घ्यावे. येथून पूर्वेस माहूर, पश्चिमेस गोदातीरीचे पांचाळेश्वर, वायव्येस जाळीचा देव आणि दूर ईशान्येस ऋद्धिपूर. पावसाळ्यात येथील काळी माती पायाला अशी चिकटते की पाऊल उचलणेही जड व्हावे. परंतु ती माती पाण्याने धुतली जाते. वाटेचा मोह तसा धुतला जात नाही. वर्षानुवर्षे त्याच वाटेने जाणाऱ्या भिक्षुकाला कोणत्या दारी आदराने हाक येईल, कोणत्या वृक्षाखाली सावली दाट आहे, हे पाठ होते. ज्याने एक घर सोडले, त्याने नकळत शंभर कोसांचे घर बांधले! त्यातच ‘मी इतक्या वेळा ऋद्धिपूर पायी केले’ ही गणना सुरू झाली, म्हणजे त्याग केलेला अहंकार पायवाटेने परत आला असे समजावे.

यावर कोणी म्हणेल, सर्व काही चित्तावरच अवलंबून असेल, तर पायी चालण्याचे प्रयोजन काय? वाहनाने तासाभरात स्थानवंदन करावे. ही शंका आज पुष्कळांच्या मनात आहे. तिचे उत्तर असे की, मन आपलीच फसवणूक फार सहज करते. देह तितक्या सहज करू देत नाही. अनोळखी दारी उभे राहून मिळेल ते कोरडे अन्न घेणे, नकार मिळाला तरी क्षोभ न होऊ देणे, रात्री कोठे निजावे हे ठाऊक नसताना ईश्वरावर भार टाकणे, या गोष्टी आसनावर बसून केवळ विचाराने साधत नाहीत. म्हणून जो समर्थ असून ‘भाव महत्त्वाचा’ म्हणत अटन टाळतो, तो भावाच्या नावाने देहाचे सुख राखतो. वाहनाने स्थानाचे वंदन घडेल. असंग घडेलच असे नाही.

उलट जो असमर्थ झाला, त्याची कसोटी वेगळी आहे. अंतरलेल्या स्थानासाठी त्याला हुरहूर वाटली, तर ती प्रीतीची खूण आहे. परंतु चालणारा म्हणून मिळणारा मान गेला याचे दुःख होत असेल, तर तेथे मोह आहे. दोन्ही दुःखांत डोळ्यांतले पाणी सारखेच असते. निवड ज्याची त्याने करावी. जन्मभर त्याने स्वतःच्या पायांनी जाऊन भिक्षा मागितली. आता तरुण साधकाने हात धरून उठवावे, पाणी आणून द्यावे, हेही त्याला भिक्षेसारखेच स्वीकारायचे आहे. ही भिक्षा पहिलीहून कठीण, कारण तीत स्वतःच्या बळाचा आधार नाही.

तेव्हा अटनाचे शेवटचे पाऊल म्हणजे वाटही सोडणे. झरीच्या एखाद्या ओसरीवर बसून जो वृद्ध स्थानामागून स्थान आठवीत नामस्मरण करतो आणि ओसरीलाही आपली म्हणत नाही, त्याचे अटन थांबलेले नाही. वासनिकांनीही त्याला किती कोस चाललात हे विचारू नये. वाटेने काय सुटले, हे विचारावे. आणि तोच प्रश्न स्वतःच्या उंबरठ्यालाही करावा.

दंडवत प्रणाम.